सोळाचा वारा

सक्करदरा, नागपूर
ता. २ ऑगस्ट २०२५

प्रिय सरिताताईस,
सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे बरे आहोत. पावसाळी हवेत आईचा गुडघा धरतो, तरी सकाळी विहारात जाऊन येतेच. तुझी आणि छोट्या रितिकाची तब्येत कशी आहे? जिजाजींच्या हाताचं प्लास्टर निघालं असं तुझ्या शेजारच्या प्रेमिलाकडून कळलं. तुझा फोन त्यांच्याजवळ असतो, म्हणून हे पत्र तिच्याच हाती कन्हानला पाठवतेय. वाचून झालं की ठेवू नकोस.

माझा कॉम्प्युटरचा क्लास पुन्हा सुरू झाला. जामिनावर सुटलेल्या बाईकडे कोण आपली पोरं पाठवेल असं वाटलं होतं, पण बहुतेक आली. सुरुवातीला नेहमीचाच धडा घेतला, हवामानाचे आकडे एका मापातून दुसऱ्या मापात नेणारा छोटा प्रोग्राम. फॅरेनहाइटचं सेल्सिअस, इंचातल्या पावसाचे मिलिमीटर. मोजक्या ओळी लिहायच्या, लगेच उत्तर येतं, पोरांना मजा वाटते. वाऱ्यापाशी आल्यावर मात्र माझा हात चालेना. फळा पुसला आणि लवकर सुट्टी दिली.

वाऱ्याचा तो प्रोग्राम मी तुझ्यासाठीच केला होता. जिजाजींनी मीना बाजारात आकाशपाळणा लावला, तू तिकिटाच्या खिडकीत बसायचीस आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तुझ्या मदतीला यायचे. परवानगीसाठी वाऱ्याचं मीटर लावावं लागलं होतं. एक दिवस तू वैतागून म्हणालीस, "या मीटरवर आठ येते, टीव्हीवाले तीस सांगते, अन् पाळण्याच्या पुस्तकात पंचवीसच्या वर गेला तर बंद करा म्हणते. मी कोणाचं ऐकू वं?" मीटर सेकंदाला किती मीटर ते दाखवायचं, टीव्ही ताशी किलोमीटर सांगायचा आणि पुस्तक मैलांचं होतं. त्याच दिवशी मी तुझ्या फोनवर एक पान करून दिलं. मीटरवरचा आकडा टाकायचा, त्याला तीन पॉइंट सहानं गुणून ताशी किलोमीटर यायचे आणि चाळीसच्या वर गेलं की पान लाल व्हायचं. कुणी माप बदलू नये म्हणून मीटरचं बटण सेकंदावर ठेवून तूच त्यावर चिकटपट्टी लावलीस. जिजाजीही तेव्हा खूश होते. साळीनं प्रोग्राम बनवला म्हणून बाजारभर सांगत फिरले.

आता केसबद्दल लिहिते. जिजाजींनी जबाबात सांगितलंय की त्या संध्याकाळी मीटरवर सोळा होतं, म्हणजे ताशी सोळा किलोमीटर, नुसती झुळूक, आणि मी घरगुती रागातून विनाकारण हल्ला केला. मीटर वादळात उडून गेलं. फोन त्यांच्याकडे. माझं कुणी खरं मानणार नाही, बटण कुठल्या मापावर होतं हे आता तुझ्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. पोलिसांनी तुला बोलावलं आणि तू गेली नाहीस हे मला ठाऊक आहे. मी तुला दोष देत नाही. त्या घरात राहून ते सोपं नाही.

पण तू खिडकीत होतीस. आतलं सगळं तुला दिसलं नसेल, म्हणून सांगते.

रविवार होता, पाळणा भरलेला. पश्चिमेकडून आभाळ मातीच्या रंगाचं झालं. तुझ्या फोनवर पान लाल झालं आणि तू तो मला दाखवलास. मी धावत पाळण्याकडे गेले. ब्रेकच्या दांड्यावर जिजाजी स्वतः उभे होते. माणसं उतरवा म्हटलं. ते हसले. "सोळाच तर हाय. घरचा पंखा याच्यापेक्षा जोरात फिरते." मी सांगितलं की सोळा म्हणजे सत्तावन्न. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वरचे पाळणे झोके खायला लागले होते, एक बाई पोराला पोटाशी धरून ओरडत होती, तरी एंजिन चालूच. मी दांड्याला हात घातला तेव्हा त्यांनी कोपर मारलं. माझा ओठ फाटला. मी साखळीच्या कठड्यावर पडले आणि उठायच्या आत त्यांची लाथ कमरेत बसली. लोक तिकिटं धरून रांगेत उभे होते आणि बघत होते.

एंजिनापाशी नट आवळायचा मोठा पाना पडला होता. तो मी उचलला. पहिला फटका त्यांच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला एंजिनच्या आवाजातही आला. दुसरा तोंडाला लागला. ते खाली पडले. मग मी ब्रेक ओढला.

ब्रेक हळूहळू ओढायचा असतो, हे रोज तिथे उभं राहून मला माहीत होतं. मी अंगातलं सगळं बळ लावून ओढला. पाळणा असा हिसका देऊन थांबला की सगळा सांगाडा कण्हला. मौद्याकडचे चंद्रभानबाबा नातीला घेऊन वर बसले होते. घाबरून ते अर्धे उभे राहिले होते. ते बाहेर फेकले गेले आणि लोखंडी फळीवर पाठीवर आदळले. नात पाळण्यातच राहिली. नंतर रांगेतल्या चार-पाच बाप्यांनी हातानं पाळणा फिरवून एकेकाला उतरवलं. शेवटची माणसं फाटकाबाहेर पोचली असतील-नसतील तोच वावधन आलं. टिनाचे पत्रे कागदासारखे उडाले. एका पत्र्यानं आइस्क्रीमवाल्याचा कान कापला. वरचे दोन रिकामे पाळणे तुटून तुझ्या खिडकीसमोर पडले. तू टेबलाखाली होतीस. मी तुला हाका मारत होते.

चंद्रभानबाबांना भेटायला मी दवाखान्यात जाते. कमरेखाली त्यांना काही कळत नाही. पहिल्या वेळी त्यांच्या मुलानं मला दारातूनच हाकललं. दुसऱ्या वेळी बाबांनीच आत बोलावलं. मग म्हणाले, "बाई, तू थांबवलं ते बरं केलं. पण इतक्या जोरानं काहून थांबवलं?"

ताई, त्यांना मी उत्तर दिलं नाही. तुला देते.

वर मी लिहिलं की दुसरा फटका तोंडाला लागला. लागला नाही, मी मारला. मनगट मोडलं तेव्हाच तुझ्या नवऱ्यानं, केशवनं, दांडा सोडला होता. हात पोटाशी धरून तो मागे सरकला होता. "नको" म्हणाला. मोकळा दांडा माझ्यासमोर होता, वर माणसं किंचाळत होती आणि मी दांड्याकडे न वळता त्याच्याकडे वळले. पाना दोन्ही हातांनी धरला. नेम धरून मारला. त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर वारा नव्हता, आकडा नव्हता, वरची माणसंसुद्धा नव्हती. दिवाळीत आईनं तुला तेल लावायला बसवलं आणि मी टॉवेल घेऊन आत आले, तेव्हा दिसलेली तुझी पाठ होती. बेल्टचे वळ कुणालाही ओळखू येतात. तू म्हणालीस, न्हाणीत घसरून पडली. आईनं तेल लावणं थांबवलं नाही. मी टॉवेल खुंटीला टांगला आणि बाहेर आले.

ब्रेक ओढला तेव्हा तोच जोर माझ्या हातात होता. चंद्रभानबाबा त्या जोरानं पडले.

माझे वकील म्हणतात, दोन्ही फटके माणसं वाचवायला मारले असं सांगा, सुटाल. मी तसं सांगणार नाही. पहिला माणसांसाठी, दुसरा माझ्या बहिणीसाठी असं सांगणार आहे. दुसऱ्याचा मला पश्चात्ताप होत नाही, हेही विचारलं तर सांगेन. बाबांच्या पाठीचा होतो, रोज.

तुझ्याकडून एकच हवंय. मीटर सेकंदावर होतं एवढं सांग. बाकी काय बोलायचं, काय नाही, ते तुझं तू ठरव.

रितिकाला पापा. आई तुझी वाट पाहते, बोलून दाखवत नाही.

त्या दिवशी टॉवेल टांगून निघून गेलेली,
तुझी धाकटी
भावना


सीताबर्डी, नागपूर
ता. १९ ऑगस्ट २०२५

भावना,
जयभीम.

तुझं पत्र प्रेमिलानं भाजीच्या थैलीत आणून देलं. वाचलं अन् चुलीत टाकलं. मले तुझ्यासारखं लिहिता येत नाही, जसं बोलतो तसंच लिहून राहिली.

आधी तुझ्यावर राग किती आहे ते सांगतो. तू माही पाठ पाह्यली होती. मी खोटं बोलून राहिली हे तुले कळलं होतं. मग तवाच काहून नाही बोलली? दुसऱ्या दिवशी तूच मले ऑटोत बसवून देलं, माहेरचा फराळ बांधून. अन् उन्हाळ्यात पाना उचलला. लोक म्हणतात, भावनानं बहिणीचा बदला घेतला. मले काय भेटलं त्याच्यातून? त्याची मूठ वळत नाही म्हणून तिन्ही टाइम मीच घास भरवून राहिली होती. जबडा तारेनं बांधला होता तवा भाताची पेज चमच्यानं पाजली. सासू म्हणे, तुझ्या बहिणीनं केलं, तू निस्तर. मी निस्तरलं.

त्याचा उजवा हात आता उठत नाही. डावा उठते. इतके दिवस माह्यावर उठे, ते मले सवयीचं होतं. मागच्या बुधवारी रितिकावर उठला. पाण्याचा ग्लास आणायले उशीर झाला म्हणून. पोरीचं डोकं चौकटीवर आपटलं, टाके पडले.

दवाखान्यातून मी घरी गेलीच नाही. प्रेमिलाच्या मावसबहिणीची इथं बर्डीवर खोली आहे. रितिका अन् मी तिथं आहो. पोरगी बरी आहे, टाके सुकून राहिले.

काल ठाण्यात बयान देलं. लिहून घेणारी पोलीस बाईच होती. मीटरचं बटण सेकंदावर होतं, पट्टी मीच लावली, असं सांगितलं. सोळा म्हणजे किती, तिनं विचारलं. तिच्यासमोर कागदावर गुणाकार करून देला. मग तिनं विचारलं, दांडा सोडल्यावरही तुमच्या बहिणीनं मारलं काय. मले खिडकीतून सगळं दिसलं होतं, भावना. मी हो म्हटलं. तू खरं सांगणार म्हणून हो नाही म्हटलं. मीच आता खोटं बोलून थकली.

मग म्हटलं, माही पण एक तक्रार लिहा. दार लावून घेतलं अन् तिले पाठ दाखवली. जुने वळ, नवे वळ, सगळे तिनं लिहून घेतले. रितिकाच्या टाक्यांचा कागद जोडला. खाली सही केली.

तुझ्या वकिलाले माह्या बयानाचा राग येईन. येऊ दे. माही साक्ष होईस्तोवर तुझ्या घरी येऊ नको, असं ठाण्यात मले सांगितलं आहे. म्हणून इतक्या जवळ असून आली नाही. आईले सांग, सरिता नवऱ्याच्या घरी नाही, जित्ती आहे. तिनं त्या दिवशी तेल लावणं काहून नाही थांबवलं, हे मी तिले एक दिवस विचारणार आहे.

चंद्रभानबाबाले भेटायले उद्या मी जातो. पाळणा माह्या घरचा होता, तिकीट मी फाडलं होतं. तू एकटीच काहून जाशील?

तुले शिक्षा झाली तर मी कोर्टात बसून ऐकीन. सुटली तरी ऐकीन.

राग आहे तोवर, अन् गेल्यावरही,
तुझीच ताई
सरिता