डाव्या डोळ्यातली मंगला

१२ जून २००८
डावा डोळा पुन्हा वाहून राहिला. उजवा ठणठणीत. बायको मंगला वारली तेव्हा मी रडलो नव्हतो. आता ती स्वतःच माझ्या डोळ्यातून रडते, दुसरं काय! भूतखेत आपण मानत नाही. रोज बुद्धवंदना घेतो. ही गोष्ट वेगळी.

१५ जून
पोरगी खुशबू म्हणाली, डॉक्टरले दाखवा. म्हटलं, कायले? गुलाबजल टाकलं. चुरचुरलं. मंगलालाही गुलाबजल चालत नव्हतं. पुरावा पक्का.

२१ जून
नाकाजवळ, डोळ्याच्या कोपऱ्यात गाठ. लाल. दाबली तर पू आला. संकल्प: मंगलाशी शांतपणे बोलायचं. आरशासमोर विचारलं, तुले काय पाहिजे? गाठ ठणकली. मी मागं वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

२३ जून
ताप. अर्धा चेहरा सुजला. शेजारचे केशवराव म्हणाले, गांधीलमाशी चावली काय? हो म्हटलं. खरं कारण, तिचा फोटो कूलरमागं गेला होता. काढून पुसला. सूज तशीच.

२४ जून, संध्याकाळ
खुशबूनं लाखनीच्या स्टँडवरून एसटीत कोंबलं, भंडाऱ्याला नेलं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, अश्रू डोळ्यातून नाकात उतरतात ती नळी बंद पडली. पाणी साचून इन्फेक्शन झालं. दाबायचं नाही. गोळ्या, कोमट शेक, सूज उतरली की ऑपरेशन करून अश्रूंना नवी वाट. अजून थांबलो असतो तर डोळ्याच्या मागं पसरलं असतं. विचारलं, मॅडम, नळीत कोणी राहू शकते काय? खुशबूनं माझा पाय दाबला. मॅडम म्हणाल्या, काका, नळी खूप बारीक असते.

२ जुलै
सूज गेली, पाणी वाहतेच. ऑपरेशन नको. वाट मोकळी झाली तर मंगला निघून जाईल. खुशबूला सांगितलं, दिवाळीनंतर पाहू. तिनं तारीख आधीच घेतली होती.

२० जुलै
ऑपरेशन होऊन आठवडा झाला. डोळा कोरडा. चहा घेताना हळूच हाक मारली. काही नाही. सर्दी झाल्यासारखं नाक तेवढं वाहते.

२२ जुलै
सकाळी खुशबू गॅससमोर उभी. दोन्ही डोळे लाल, वाहत होते. आता मला या विषयातलं कळतं. विचारलं, कोपऱ्यात दुखते काय? पू येते काय? भंडाऱ्याले चल, तुझीही नळी बंद असन.
म्हणाली, "मले काही झालं नाही बाबा. मी रडून राहिली."
कधीपासून, विचारलं.
"आई गेली तेव्हापासून."
दूध उतू गेलं. ते पुसलं.