कानशीचे ओरखडे

हॅनकॉक, मिशिगन
३ सप्टेंबर १९७४

प्रिय रायनो,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. बटाटे बरे आलेत. सरोवरावरून गार वारा सुटला, म्हणून सॉनाच्या वाफेच्या न्हाणीची लाकडं आत घेतली. तुझ्या छोट्या लेकीचा, हेल्मीचा खोकला थांबला असेल. तिच्यासाठी वेलचीचा पाव पाठवलाय, कॉफीत बुडवून दे.

तू पाठवलेली आजोबांची रायफल तयार आहे. चिठ्ठीत लिहिलं होतंस, 'ताई, लहानपणी तूच बिघडवलीस, आता तूच नीट कर. क्लबात पप्पांच्या स्मरणार्थ नेमबाजी आहे, तिला हीच हवी.' मन मोठं केलंस.

नळीतला गंज तेलात मुरवून काढला. गोळी उडवणाऱ्या पिनचं टोक झिजून गोळीच्या बुडाची कड नुसती चाटत होतं. नवी पिन घडवून बसवली. रिकामं काडतूस ओढणारी आकडी एका मोडक्या रायफलीची लावली. दस्त्याला जवसाचं तेल दिलं, बोटांनी, पप्पा देत तसं. चकचकीत केली नाही. पप्पा म्हणत, जुन्या हत्याराला अंघोळ घालावी, त्याचं कातडं सोलू नये.

एकाच जागेला हात लावला नाही. आजोबांनी नळीवर आपलं नाव कोरलं होतं ना, ते घासून काढलेल्या कानशीचे ओरखडे तसेच आहेत.

त्या दिवशी पप्पा गोठ्यातून आले तेव्हा आपण दोघं त्यांच्या कामाच्या बाकाशी उभे होतो. त्यांनी विचारलं, हे कुणी केलं. तू म्हणालास, 'ताईनं.' मी नाही म्हटलं, पण रडत म्हटलं, आणि आपल्या घरात रडणाऱ्याचं कुणी ऐकत नसे. पप्पा ओरडले नाहीत. माझ्या कमरेचा ॲप्रन सोडला, घडी घातली, कपाटात ठेवला. पुढे बंदुकांचं काम फक्त तुला शिकवत राहिले. मी दाराशी उभी राहून बघायची, तेही तू दार लोटून घ्यायला लागेपर्यंत.

बाकीचं मी इथल्या जेवणाच्या टेबलावर शिकले, लोकांच्या मोडक्या रायफली जुळवता जुळवता. पप्पा कधी बघायला आले नाहीत.

वसंतात, त्यांच्या शेवटच्या दुखण्यात, त्यांच्या उशाशी बसले होते. म्हटलं, भिंतीवरची रायफल पुसून देऊ का? त्यांनी हलकेच माझं मनगट धरलं. 'राहू दे, आयली. रायनो करेल.' माझ्याशी ते शेवटचं बोलले ते हे.

तुझं पार्सल उघडलं त्या दिवशी मी एका जुन्या लोखंडी नळीवर कानस चालवून पाहिली. उजव्या हातानं ओरखडे एका बाजूला कलतात, डाव्या हातानं दुसऱ्या. मग आजोबांची नळी शेजारी ठेवली. रायनो, आपल्या घरात डावखुरा एकच होता.

काल वायनोकाका क्लबासाठी रायफल न्यायला आले. ते प्रत्येक वस्तू खिडकीशी नेऊन बघतात, तुला ठाऊकच आहे. नळी बराच वेळ उजेडात फिरवली. मग म्हणाले, "रायनो अजून डावखुराच ना?"

"हो काका. पावसुद्धा डाव्या हातानंच कापतो."

त्यांनी टोपी घातली. कॉफी नको म्हणाले. वायनोकाकांनी कॉफी नाकारलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

म्हणजे रायफल आता माझ्याकडे नाही, आणि तुझ्याकडे यायच्या आधी ती शनिवारी क्लबातल्या लांब बाकावर फिरेल. रीतच आहे ती. सगळे म्हातारे एकेक करून ती मांडीवर घेतील, नळीवरून अंगठा फिरवतील. त्यातल्या प्रत्येकानं आयुष्यभर कानस चालवलीय. ओरखडे कुठल्या हाताचे, ते अंगठ्यालाच कळेल. मग ती तुझ्या हातात देतील, कारण पहिली गोळी गेलेल्याच्या मुलानं झाडायची असते.

त्याआधी तूच उठून खरं सांगितलंस तर बरं होईल, असं लिहिणार होते. पण खोटं कशाला लिहू? तू सांगू नयेस असंच मला वाटतं. तू डाव्या हातानं गोळी भरावीस, सगळ्यांनी त्या हाताकडे बघावं, आणि तुला मान वर करता येऊ नये. मी पहिल्या रांगेत असेन. कपाटातला तो ॲप्रन येताना घेऊन ये, मी बांधूनच बसणार आहे.

नेम मात्र सरळ लागेल. मी तपासलाय.

पप्पांची मुलगी,
आयली