दादाचं जाळं

मंगळवार, १८ नोव्हेंबर

वरठीहून घरी आलो आणि मोबाइलवर पाहिलं. मी ज्यांना चित्रं काढून देतो, त्या मोबाइलचे खेळ बनवणाऱ्या कंपनीने नव्या खेळाचं पान टाकलंय. त्यांच्या जुन्या लढाईच्या खेळातून काढलेला हा दुसरा, स्वतः पात्र होऊन खेळायचा. चित्रं माझी. तलावाच्या पाळीवर मोहाच्या झाडाला टांगलेलं जाळं मीच चित्रात काढून पाठवलं होतं. दादाचं. बुडालेल्या माणसाचं जाळं आमच्यात कोणी वापरत नाही, झाडावरच कुजू देतात. हेही त्यांना लिहून दिलं होतं. काहून दिलं?

आता त्या जाळ्याखाली हिरव्या डोळ्यांचं भूत उभं केलंय. वर मोठ्या अक्षरांत, ‘मासेमाराचं भूत मारा, जादूचं जाळं मिळवा!’

बाबांनी मोबाइल मागितला. भुताकडे पाहिलंच नाही, जाळंच पाहत राहिले.

"हे आपल्या सुरेशचं हाय ना?"

"हो."

"मंग त्याले काहून मारून राहिले?"

"खेळ आहे, बाबा." किती फालतू उत्तर!

मोबाइल परत देताना हळूच म्हणाले, "एकदा मारलं का सोडतेत ना त्याले?"

हो म्हटलं. खोटं बोललो. जो कोणी तो खेळ विकत घेईल, तो दादाला पुन्हा पहिल्यापासून मारेल.