खाणीवरची मुलं

लाडक्या धाकटे, तुला ताईचे ओंजळभर आशीर्वाद.

तपासणीत माझा गळा अगदी स्वच्छ निघाला! ऐकून मी तिथेच टाळी वाजवली. फोनवर तू लगेच विषय बदलतेस, म्हणून हे पत्र. अक्षर वेडंवाकडं आहे, चालवून घे.

लहानपणी आपण खाणीच्या मातीच्या ढिगावर खेळायचो ना, त्या मातीतून कसलेसे किरण निघायचे म्हणे. त्यामुळे म्हातारपणीसुद्धा गळ्यात गाठ येऊ शकते. म्हणून तिथे वाढलेल्या सगळ्यांना इथल्या, नातीच्या गावच्या, इस्पितळातले डॉक्टर वर्षानुवर्षं तपासताहेत. नर्स दारात येऊन ओरडली, "खाणीवरची मुलं आत या!" आणि उठलं कोण, तर सगळे काठीवाले नि कवळीवाले! मी म्हटलं, "अगं बाई, मुलांना जरा हात दे." माझी नात हसून हसून बेजार.

तपासताना काही दुखत नाही. गळ्याला गार मलम लावून वरून यंत्र फिरवतात, मला तर गुदगुल्याच झाल्या. तुझे गुडघे कसे आहेत? मांजर नीट खाते का? आणि भर उन्हाळ्यात गळ्याला रुमाल कशाला बांधतेस गं? फोनच्या पडद्यावर मला काय दिसत नाही?

डॉक्टरीणबाईंना मी तुझ्यासाठी मुद्दाम विचारलं. बहुतेक गाठी साध्याच असतात, आणि एखादी तशी नसली तरी लवकर कळली तर बरी होते म्हणाल्या.

माझं परतीचं तिकीट मी रद्द केलंय. तू येईपर्यंत नातीच्या घरून हलणार नाही. तिला माझी कटकट सोसू दे थोडी. मांजर शेजारणीकडे ठेव आणि ये गं.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेली,
ताई