राहू द्या, घालूनच या

१४ जानेवारी १९७३, रविवार
चर्चमधल्या उपासनेहून येऊन ताटावर बसणार, तोच भाऊसाहेब दलाल गिऱ्हाईक घेऊन हजर. पेठेतले किराणा दुकानदार, सोबत बायको. माझ्या बदलीचा हुकूम येऊन पडलाय, जूनपासून अकोले तालुका, पार डोंगरात. बाबांना इथे पारनेरात एकटं ठेवता येत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि डॉक्टर म्हणतात अजून पिकायचाय. तेव्हा घर विकायचं हे आमचं ठरलंय. म्हणजे मी ठरवलं, बाबांनी नाही म्हटलं नाही.

दुकानदार ओट्यावर चढले. पायात पंपशू. त्यांनी पायांकडे बघायच्या आत माझ्या तोंडून गेलं, "राहू द्या, घालूनच या." आले. बायकोही आली, थेट चुलीपर्यंत. भिंती ठोकून पाहिल्या, कपाटं उघडून पाहिली.

बाबा खुर्चीत. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, "पंपशू ना? टाच वाजते." मग ओलं फडकं मागितलं. पाणी प्यायलाच पुरत नाही, टँकर परवा येणार, म्हटलं तर म्हणाले कोरडं दे. गुडघ्यांवर बसून चाचपत चाचपत शहाबादी फरशी पुसली. मी करते म्हटलं तर ऐकेनात.

१७ जाने., बुध.
शिंदेबाईंकडे हळदीकुंकू. शाळेत माझ्या शेजारच्या वर्गावर असतात. मी कुंकू लावत नाही, तिळगूळ घेते, त्यांना ठाऊक आहे. दारात चपलांचा हा ढीग. मी माझ्या चपला पायरीखाली, भिंतीच्या कडेला काढल्या. शिंदेबाई म्हणाल्या, "अहो, उन्हात कशाला? वर काढा की सगळ्यांच्यात." मी म्हटलं, राहू द्या.

घरी येताना लक्षात आलं, मी कायम तिथेच काढते. कुणाकडेही गेले तरी. आई सांगायची, आपलं दुसऱ्यांच्यात मिसळायचं नाही, उगाच कुणी बोलेल. आजोबा गावकुसाबाहेरचे, ते ख्रिस्ती झाले, बाबा मिशनच्या शाळेत गुरुजी झाले, मी ट्रेनिंग कॉलेजला गेले. चपला अजून भिंतीकडेलाच. लाज वाटली. शिंदेबाईंची नाही, माझीच.

२८ जाने., रवि.
ग्रामसेवक. नाडीचे बूट. पुन्हा "रा. द्या". त्यांनी "बरं झालं बाई, नाड्यांचं फार त्रांगडं असतं" म्हणून खट् खट् खट् पूर्ण घर पाहिलं. बाबांच्या खुर्चीजवळून जाताना रामराम केला. चांगला माणूस वाटला.

तो गेल्यावर बाबा पेटले. असे बाबा मी शाळेत असताना पाहिले होते, नंतर नाही.

"मामलेदाराच्या घरी गेला असता तर काढले असते की नाही?"

म्हटलं, असतील काढले.

"मग? आपल्यात देव्हारा दिसत नाही म्हणून घालून येतात, की आपण दिसतो म्हणून? ही फरशी मी पगारातून घातली सुशे. तुझी आई दर शनिवारी घासायची. आजपासून सांगून ठेवतो, जो पायातलं दारात काढून येईल त्याला घर. भाव त्याने करावा."

तेव्हाच सांगायला हवं होतं. बाबा आत बसतात, मी ओट्यावर हळू बोलते, त्यांना फक्त बूट ऐकू येतात, मी नाही.

३० जाने.
का बोलते मी तसं? आज शाळेत दुष्काळी मदतीची सुकडी वाटताना सारखं तेच डोक्यात. मुलं वाट्या पुढे करतायत आणि बाई आपल्याच तंद्रीत. 

खरं कारण लिहून टाकते, कोण वाचणार आहे. मी आधी बोलते ते, त्यांनी आपणहून काढल्या असत्या की नाही हे कळायला नको म्हणून. घालून आले तर माझ्या सांगण्यावरून आले, एवढं म्हणायला जागा राहते. बाबांना वाटतं लोक वाईट. मला लोक कसे आहेत ते माहीतच नाही. मी कुणाला दाखवूच दिलं नाही.

४ फेब्रु., रवि.
भाऊसाहेबांना बाबांची अट कळली. ओट्यावर बसून कपाळाला हात लावला.
"बाई, लोक घर बघाया येत्यात आन् तुमी त्यांचं पाय बघताय व्हय? लई दिस न्हाई चालायचं आसं. दुष्काळाचं गिऱ्हाईक मिळंना झालंय."
म्हटलं, आत या, चहा घ्या.
"नगं, हितंच बरं हाय. पाय धुळीनं भरल्यात."
इतक्या खेपा झाल्या, एकदाही उंबऱ्याच्या आत आलेले नाहीत. काढायचा नि घालायचा प्रश्नच मिटवून टाकलाय त्यांनी. चहा घेतात पण. कप विसळून परत देतात. आपल्याकडची धूळ त्यांना एवढी कुठून लागते देव जाणे.

११ फेब्रु., रवि.
हे लिहायला हात धजत नाही.

ढोरांच्या दवाखान्यात नवे कंपाउंडर आलेत, मूळचे कर्जतकडचे. नवरा-बायको आले. बायको माझ्याहून लहान, पोटुशी. ओटा चढून धाप लागली तिला. उंबऱ्याशी थांबली, भिंतीला एक हात टेकवला आणि वाकली. दुसरा हात चपलेच्या पट्ट्याकडे गेला.

आणि मी म्हटलं, "राहू द्या, घालूनच या."

का? ती काढत होती. माझ्या डोळ्यांसमोर काढत होती. वाटलं, अवघडलेली आहे, वाकवत नाही. असं आत्ता लिहिताना वाटतंय. तेव्हा काहीच वाटलं नव्हतं, तोंड आपोआप उघडलं. तिने वर पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, सरळ झाली आणि आत आली. चपलांसकट.

घर त्यांना फार आवडलं. मागचा लिंब पाहून ती म्हणाली, "पाळना बांधाया बरा हाय."

ते गेल्यावर बाबा म्हणाले, "हेही त्यातलेच." मी ताटं मांडली. म्हटलं, भाकरी गरम आहे तोवर खा.

१२ फेब्रु.
बाबांनी आज दोनदा त्यांचा विषय काढला. "आवाज गरीब होता बाईचा. पण बघ." दोन्ही वेळा मी हूं म्हटलं. ज्या बाईने मान राखला तिलाच माझे बाबा माझ्यासमोर नावं ठेवतात आणि मी हूं म्हणते. वर्गात खोटं बोललेल्या पोराला मी बाकावर उभं करते.

१३ फेब्रु., मंगळ.
सांगितलं.

बाबा दाढी करत होते, हाताने चाचपून करतात. म्हटलं, बाबा, लोकांना मीच सांगते घालून या म्हणून.
"कधीपासून?"
"पहिल्यापासून."
वस्तरा खाली ठेवला. अर्ध्या गालाला साबण. "म्हणजे मी इतके दिवस कुणाला शिव्या देत होतो?"
मी साबणाचं भांडं सरकवून ठेवलं.
"आणि तू बसून ऐकत होतीस."
हो म्हटलं. कंपाउंडरच्या बायकोचंही सांगितलं, वाकली होती ते. साबण वाळून गेला गालावर. मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. तसलं काही नाही. 

मग म्हणाले, "त्यांना परत बोलव. आणि दारात तू उभी राहायचं नाहीस."

१८ फेब्रु., रवि.
आले. मी बाबांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसले होते, तोंडात पदराचा बोळा कोंबायचा बाकी ठेवला होता. भाऊसाहेबांचा आवाज, "जावा, जावा आत, मी हाय हितं." ओट्यावर पावलं. वाटलं आता थांबतील.

थांबली नाहीत. आधी त्याच्या वहाणा करकरत, मागून तिच्या चपला.

मला बघून ती हसली. "ताई, मागल्या बारीला तुमी म्हनला तसं आलो घालूनच. बरं पडतं बया, वाकाया नगं."

अगदी मनापासून म्हणाली. तिला काय माहीत. मी शिकवलं, तिने ऐकलं. आता ती आपणहून काय करणार होती हे विचारायचं कुणाला? तिलाही नाही विचारता येणार. मान खाली घातली तर समोर तिचे पाय, सुजलेले, पट्टा रुतलेला.

बाबा खुर्चीचा हात धरून बसले होते. बोलले मात्र नीट. गाव कुठलं, कितवा महिना, पाणी कुठून आणता. घर घेतोच म्हणाले ते. बाबा म्हणाले, उद्या सांगतो.

नंतर मी फडकं आणलं. बाबांनी मागितलं नव्हतं. मी पुसत असताना म्हणाले, "सुशे, त्या दिवशी ती वाकली होती म्हणतेस."
"हो. पट्ट्याला हात घालत होती."
"काढायला?"
"हो."
"की रुतला म्हणून सैल करायला?"

फडकं हातातच राहिलं. काढायलाच, असं म्हणणार होते. आठवडाभर मला ते जितकं पक्कं ठाऊक होतं तितकं दुसरं काही नव्हतं.

"बघ बाई. मला तर दिसत नाही. तू म्हणशील काढत होती, तर घर त्यांचं. तुझ्या शब्दावर."

१९ फेब्रु., सोम., शाळेत जाण्याआधी
भाऊसाहेब उत्तराला ओट्यावर येऊन बसलेत. चहा दिलाय. बाबा दाढी उरकून खुर्चीत, माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून. अकोल्याला जायचं तर हो म्हणणं सोपं आहे, म्हणूनच म्हणवत नाही. सारखी ती भिंतीला टेकलेली आठवते, वाकते, हात खाली जातो, आणि त्याच्या पुढचं काही दिसायच्या आत मीच बोलते.