देवाचा रस्सा आणि काळ्या द्राक्षांचं आसव

सोमवार, १२ फेब्रुवारी १९३४. वळसंग.
आज पुन्हा तेच. सोलापूरला धाडलेली द्राक्षं वाटेतच मऊ पडली. मामंजी उंबऱ्यातूनच कडाडले, "सगळ्या हिरीचं पानी पित्यात ह्या येली आनी देत्यात काय, तर चिकाट पाट्या! औंदा छाटनीला कोयती न्हाय, कुऱ्हाड घिऊन येनार हाय मी. तितं कांदा लावायचा." मी भाकरी जरा जोरात थापली. ह्या वेलींच्या काड्या मी नाशकाकडून, माहेराहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्यात. बाबा तिथं द्राक्षाच्या बागेत कामाला. लग्नात बाकी कुणी काय दिलं ते आठवतही नाही.

पण खरी बातमी पुढंच. हे शाळेच्या कामानं सोलापुरात होते. बऱ्या राहिलेल्या चार घडांची पुरचुंडी घेऊन शुक्रवार पेठेतल्या वैद्यबुवांकडे गेले. बुवांनी एक काळं द्राक्ष तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि विचारलं, "कुणाच्या मळ्यातलं?" रविवारी स्वतः येणार आहेत! मला जेवण गेलं नाही.

रविवार, १८ फेब्रुवारी
बुवा आले. बुटके, बोलके, घडीघडीला पगडी सरळ करणारे. वेली चढवलेले पांगारे लालभडक फुललेत, ते बघून दारातच थबकले. त्यांना द्राक्षासव करायचंय. द्राक्षं इथंच उकळून मडक्यांत भरायची, म्हणजे वाटेत नासायची भीतीच नको. साधलं तर दर हंगामाला सगळा माल त्यांचा. सगळा!

लगेच कामाला लागलो. गूळ, आंबायला धायटीची फुलं, लवंग, दालचिनी. एक मडकं काळ्या द्राक्षांचं, एक पांढऱ्यांचं. तोंडाला फडकं, वर माती लिंपली, ज्वारीच्या भुशात पुरली.

मामंजी: "दारू हाय ही."
बुवा: "औषध आहे हो. जड जेवणावरचं अनुपान. मटणावर घेतलं की अन्न अंगी लागतं."
मामंजी: "औषद आजारी मानूस घेतो. मी काय आजारी हाय व्हय?"

बुवा हसले. म्हणाले, मग असं करू, तुमचा रस्सा आणि माझं आसव एका पंगतीला बसवू. कशावर काय शोभतं ते खाणारेच सांगतील. मामंजींनी बिरोबाला मेंढा बोललेलाच आहे. रश्शाचं नाव काढलं की ते नाही म्हणत नाहीत, हे बुवांना कुणी सांगितलं कोण जाणे. (यांनीच. दुसरं कोण?)

शुक्रवार, २ मार्च. धुळवड.
लिहू नये, पण लिहिते. देवाच्या नावाचा हंडा आमच्याकडे मामंजींचा. मसाला ते घालणार, मीठ त्यांच्याच हातचं, आणि नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी चाखायचं नाही. आज रश्शात मीठच नव्हतं. कणभरही नाही. गेल्या वर्षीच्या तापापासून त्यांचं असं होतं, हातातलं विसरतात. सगळी भावकी मुकाट जेवली. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, लोणच्याची बरणी पंगतीत फिरवली. मामंजींनी दोन घास खाल्ले आणि मेंढरांकडे निघून गेले. ज्यांच्या रश्शासाठी करमाळ्याहून पाहुणे यायचे, ते. फार वाईट वाटलं.

शुक्रवार, १६ मार्च. पाडवा.
गुढी उभारली, लिंबाचा पाला खाल्ला, आणि मी भुशात हात घालून मडक्याला कान लावला. आतली आंबायची गुरगुर थांबली! यांना हाक मारली तर पुरणाचे हात तसेच घेऊन आले. दोघंही वेड्यासारखे कान लावून बसलो. आत्याबाई म्हणाल्या, "पोर हाय का त्येच्यात?"

शनिवार, २४ मार्च
उद्या! सारवण झालं, पत्रावळी झाल्या, पाटा धुऊन ठेवला. अंगात नुसतं वारं भरलंय. बुवा स्वतः मटण खात नाहीत, त्यांच्यासाठी दही आणि शेंगांची चटणी वेगळी काढलीय. म्हणजे गंमत बघा, निकाल देणार ते आणि रश्शाची चव त्यांना कधी कळायची नाही.

मनात एक ठरवलंय. ते इथं नको.

रविवार, २५ मार्च
कुठून सुरू करू?

सकाळीच बुवांनी मडकी उघडली. वात पेटवून तोंडाशी धरली, विझली नाही. "सिद्ध झालं!" असं ओरडले की मेंढरं बिचकली. वास काय वर्णावा. काळ्याचा रंग जांभळट, पांढऱ्याचा मधासारखा.

मामंजींचा हंडा तीन दगडांवर रटरटत होता. कांदा निखाऱ्यात भाजलेला, खोबरं करपायच्या बेताला आणलेलं, काळा मसाला, वर तेलाचा तवंग. मामंजी मेंढ्याच्या नैवेद्याचं बघायला गेले तेवढ्यात मी मूठभर मीठ टाकलं. देवा, क्षमा कर. पण आज धुळवडीसारखं झालं असतं तर वेली गेल्याच होत्या, आणि त्यांचा मानही.

पंगत बसली. अक्कलकोटाकडचे बिराप्पा, मामंजींचे जुने दोस्त, त्यांनी पहिला भुरका मारला. डोळे एकदम मोठे झाले. मग सगळ्यांचेच झाले. मीही आत घास घेतला आणि जीभ वाळली. खारट! अहो, खारट म्हणजे किती! पण मामंजी समोर बसलेले. कोण बोलणार?

बुवा वाट्या भरत फिरू लागले. बिराप्पांनी काळ्याची वाटी एका दमात संपवली. "चलो अद! चलो अद!" (कानडीत 'झकास आहे') म्हणून वाटी पुन्हा पुढं. पांढऱ्याचीही संपली, पण काळ्यावर झुंबड. बुवा प्रत्येकाला जीभ बाहेर काढायला सांगून विचारत होते, "कुठं लागतंय? टोकाला, की घशाशी?" एकजण म्हणाला, "बुवा, आदी वता, मग सांगतो." बुवांच्या चेहऱ्यावर नुसती दिवाळी. "बघा! मटणानं स्वतः आसव मागितलं!"

आणि मामंजींनी दोन वाट्या घेतल्या! "औषद म्हनून," म्हणाले.

जाताना बुवा म्हणाले, सगळी द्राक्षं माझी. हे माझ्याकडे बघून हसले. मी हसले, पण जिभेवरचा खारटपणा जात नव्हता.

सोमवार, २६ मार्च
भांडी घासताना आत्याबाई हळूच म्हणाल्या, "काल माजा हात जरा जादाच पडला बग मिठाचा."
"तुम्हीपण?"
"म्हंजी तू बी?"
दोघी राखेत बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. मग एकदम ध्यानात आलं. मामंजीही विसरले नसणार. त्यांचं, आत्याबाईंचं आणि माझं. तिघांच्या हातचं.

म्हणजे लोकांनी आसव मागितलं ते चवीला, की तहानेला? बुवांना तर कळायची सोयच नाही.

रविवार, १ एप्रिल
बुवांचा निरोप. पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा येतायत, मटण खाणारे दोन दोस्त घेऊन. सोलापुरात चांगलंचुंगलं खाऊन जिभा तयार झालेले. "तोच रस्सा, तोच हात," म्हणे. त्या दोघांनी मान डोलावली की बोलणं पक्कं.

मी म्हटलं, बुवांना खरं सांगू या. हे म्हणाले, "सांग. पण त्यात आबांचं, तुझ्या मामंजींचं, नाव येणार, ते कसं टाळशील?" सांगायचं राहिलं.

मंगळवार, १० एप्रिल
छाटणीचे दिवस आले. मामंजी आज मळ्यात कुऱ्हाड आणि कोयती दोन्हींना धार लावत बसलेले. मी वेलींत. वर न बघता म्हणाले,
"त्या दिशी मी मीठ येकदाच घातलं हुतं. ध्यान ठिवून घातलं. मग हंड्यात समिंदर कुटनं आला?"
मी वेलीमागून बाहेर आले.
"मी इसरनार, असं तुमी दोगी धरूनच चालला."
मला रडू फुटलं. खरंच, हे कसं नाही सुचलं? आम्ही त्यांचा मान राखायला गेलो आणि त्यांची मानच खाली घातली.
त्यांनी कोयतीच्या धारेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "रडू नगं. धुळवडीला इसरलोच की मी."
मी विचारलं, आसव कसं लागलं?
"खारट तोंडात काय बी ग्वाड लागतं, पोरी. रविवारी कळंल."
कुऱ्हाड आणि कोयती शेजारी शेजारी पांगाऱ्याला टेकवून गेले.

रविवार, १५ एप्रिल
पळत घरात येऊन लिहितेय, नाहीतर लिहायचं राहून जाईल.

हंडा उकळीला आला. मी मुद्दाम लांब उभी होते, आत्याबाईही, दोघींचे हात पदराखाली. मामंजींनी मिठाचं गाडगं उचललं. सगळे बघत होते. त्यांनी मला हाक मारली.

"हिकडं ये. आजपासनं मीठ तुज्या हातचं."

मी म्हटलं, देवाचा हंडा आहे, मामंजी.

"देवाला चालतंय. त्या दिशी चाललंच की." आणि हसले. तापानंतर पहिल्यांदा असे हसले. "येकदाच घाल. येल ऱ्हाऊ दे न्हाईतर जाऊ दे, पन मीठ खरं पायजे."

घातलं. अंदाजानं, डोळे उघडे ठेवून, एकदाच. त्यांनी लगेच गाडग्यावर झाकण ठेवलं आणि ते माझ्याच हातात दिलं.

बरोबर पडलं का? चाखता येत नाही. हाताला अजून मीठ चिकटलंय, कागदही ओलसर झालाय. बुवांची गाडी ओढ्यातून वर चढतेय, घुंगरं ऐकू येतायत. जाते.