रऊफभाईच्या दाढीची शाई

बडनेरा, मंगळवार

प्रिय रऊफभाई,

वामनचा नमस्कार घे आणि सलामही घे. तुझी साखर आटोक्यात आहे ना? बिल्कीसभाभींचे गुडघे जिना चढू देतात का? परवेजचा खोकला गेला का? आणि तुमची बकरी (मागच्या खेपेस माझी टोपी खाल्ली ती) बरी आहे ना? इकडे आम्ही मजेत.

येत्या रविवारी तुझी उज्मा नव्या घरात राहायला जाणार, म्हणून तिच्या भिंतीसाठी मी स्वतःच्या हातानं चित्र करायला घेतलं. वरूडच्या संत्र्यांच्या पेट्यांवरचे रंगीत कागद फाडून, चिकटवून अकोल्याचं जुनं शहर केलं, निळ्या कागदाची मोर्णा नदी केली, आणि मधोमध तू, तुझ्या लग्नपत्रिकांच्या दुकानाच्या पायरीवर पाय सोडून बसलेला. (मला हे कोणी शिकवलं नाही, ते चित्र पाहून कळेलच.) कागदाचं जमलं, अडलं ते शाईवर. तुला काढायला आधी पेनातली नेहमीची निळी शाई घेतली. दाढी अशी झकास उतरली की काय सांगू! मग कागद उचकटू नयेत म्हणून वरून पातळ डिंकाचा हात दिला, तर आमची वच्छला म्हणते, "अजी, रऊफभाऊची दाढी मोर्णेत वाहून चालली ना!"

दुसऱ्यांदा आमच्या पार्सल ऑफिसातली जांभळी शिक्क्याची शाई काढली. पस्तीस वर्षं शिक्के मारले, पण ही शाई मुळात सुकू नये म्हणूनच बनवलेली असते, हे काही डोक्यात आलं नव्हतं. शेजारच्या सत्यभामाबाई आल्या, "हे कोणते महाराज जी?" म्हणून तुझ्या पायांवर हात ठेवला आणि तोच कपाळाला लावला. तीन दिवस त्या जांभळं कपाळ घेऊन भजनाला जाऊन राहिल्या. (तू महाराज नाहीस, हे मी सांगितलं नाही. त्यांचं मन कशाला मोडा?)

शेवटी अमरावतीच्या दुकानातल्या पोरीनं पक्की काळी शाई दिली. "आजोबा, एकदा सुकली की पाण्याले भीत नाही," म्हणाली. खरंच! वरून डिंक फिरवला, तरी दाढीचा एक केस हलला नाही. जीव असा सुखावला की वच्छलेला दोनदा चहा मागितला आणि दोन्ही वेळा मिळाला. चित्र झालंच समज.

तुझा,
वामन

ता. क. हे पत्र पेन्सिलीनं का लिहिलं, हे तू विचारणारच. माझ्या रिटायरमेंटला तू दिलेलं पेन आठवतं ना, भाभींनी निवडलेलं? ती पक्की शाई मी त्यातच भरली. ती पाण्याला भीत नाही, हे आता पेन धुतानाही कळून राहिलं. भाभींना सांगू नकोस.

आणखी एक. पेन बंद पडलं ते तुझ्या डाव्या पायाच्या घोट्यावर. तुझ्या अब्बांचा उर्दू लिहायचा बोरू आमच्या शेखरच्या हाती पाठव, तो रोज अकोल्याला अपडाऊन करतोच. नाहीतर रविवारी उज्माच्या भिंतीवर तू एकाच पायाचा बसशील. दोन ओळी लिहून लगेच कळव, सत्यभामाबाई रोज येऊन दुसऱ्या पायाची चौकशी करून राहिल्या.